मदत हवी आहे : वस्तीत मोहल्ला समिती उभी करायची आहे

नमस्कार मंडळी. आमची वस्ती मालाडच्या बाजूची. एका गल्लीत मराठी आणि यूपीवाले हिंदू, पलीकडे मुसलमानांची घरं, नळ एकच. गेल्या सणाला मिरवणूक आणि भोंग्यावरून बाचाबाची झाली; दगड पडले नाहीत एवढंच. तेव्हापासून पोरं एकमेकांच्या गल्लीत जात नाहीत आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही फिरतं.

१९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेली भिवंडी डिसेंबर १९९२ मध्ये, बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली तेव्हा, शांत राहिली. त्याचं श्रेय बरेच जण पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीच बांधलेल्या मोहल्ला समित्यांना देतात, म्हणजे पोलीस आणि दोन्ही समाजांतले रहिवासी एकत्र बसतात अशा वस्तीतल्या समित्यांना. पुढे मुंबईतही पोलीस आयुक्त राहिलेले ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी वगैरेंनी ही चळवळ उभी केली, पोलीस आणि वस्तीतल्या पोरांचे क्रिकेट सामने भरवले. पण रोजचं काम चालतं कसं?

इथे कुणी अशा समितीत होतं का? सभासद कसे निवडलेत? आमच्याकडे शांतता समिती म्हटली की तेच पुढारी खुर्च्या धरतात, चहा पितात, फोटो काढतात. मला नळावर भांडणाऱ्या बायका हव्यात, खरी खबर त्यांच्याकडेच असते! त्यांना बैठकीला आणायचं कसं? अफवा आली की पहिला फोन कुणी कुणाला करायचा, हे आधी ठरलेलं असायचं का? आणि ओळखीच्या हवालदाराची बदली झाली की पुढे काय?

भिवंडी, धारावी, मालेगावकडचं कुणी असेल तर जरूर लिहा. पहिली बैठक गणपतीच्या आधी घ्यायची आहे.