इंदूरला ऑपरेशन, बऱ्हाणपूरला घर: अशा रुग्णाला स्लीव्ह की बायपास?

निमाडवाट

वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी इंदूरला येणारे सगळेच काही रामबागेत किंवा सुदामानगरात राहत नाहीत. खंडवा, खरगोन, बऱ्हाणपूर, धार इथूनही लोक येतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिस्चार्ज घेऊन घर गाठतात आणि पुढच्या तपासण्या राहून जातात. माझं स्पष्ट मत आहे की अशा माणसाला बायपास करू नये, स्लीव्ह करावा.

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाचा ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची नळी करतात. आतड्याला हात लागत नाही. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटरची थैली करून ती लहान आतड्याला जोडतात, खाली आतड्याला आतड्याचा दुसरा जोड देतात, आणि आतडं ज्या पडद्याला टांगलेलं असतं त्यात फटी तयार होतात. वजन उतरलं की पडद्यातली चरबी झडते आणि फटी रुंदावतात. मग ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर आतडं त्यात शिरून पिळतं. पोटात कळा येतात, पण बऱ्याचदा उलटी नसते, पोट फुगत नाही, एक्स-रे साधा येतो. गावच्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. पीळ घट्ट असेल तर काही तासांत आतडं काळं पडतं. त्या वेळी गाडी इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात ट्रकांच्या मागे उभी असेल तर काय करायचं?

जठरबंध

पिळाचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही. स्लीव्ह सोपा वाटतो कारण त्यात जोड नाहीत. पण स्टेपलरची लांबलचक रेघ असते, आणि खाली जठराचा दरवाजा शाबूत असल्याने ही नळी जास्त दाबाची असते. गळती बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ होते; तिथे रक्तपुरवठा पातळ असतो. मधल्या वळणावर नळी आवळली गेली असेल तर वरचा दाब आणखी चढतो. म्हणून ३६ ते ४० फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) जाडीची बुजी, म्हणजे मापाची नळी, आत ठेवून, खालच्या दरवाजापासून ४ ते ६ सेंटिमीटर सोडून स्टेपलर लावायला सुरुवात करायची आणि वर अन्ननलिकेपासून सेंटिमीटरभर लांब राहायचं, हा नियम पाळावाच लागतो. तरीही शंभरात १ ते ३ जणांना गळती होते. टेबलावर निळं पाणी सोडून केलेली गळतीची चाचणी निर्दोष आली म्हणून पुढच्या आठवड्याची हमी मिळत नाही. वरच्या टोकाची गळती भरायला आठवडे, कधी महिने लागतात: ड्रेन (घाण बाहेर काढणारी नळी), स्टेंट (भोक झाकायला आत बसवलेली जाळीची नळी), नळीतून आहार. बायपासची थैली कमी दाबाची, तिथली गळती तुलनेने लवकर आवरते.

दुसरं म्हणजे जळजळ. फिनलंडमधल्या स्लीव्हपास अभ्यासात २४० रुग्ण होते. दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के निघाली. जादा वजनातली घट स्लीव्हला ४३.५ टक्के, बायपासला ५०.७ टक्के. दूरच्या माणसाला आयुष्यभर आम्लाच्या गोळ्या लावून देणं ही कसली सोय?

आणि फटी शिवता येतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात २,५०७ रुग्ण होते. फटी बंद केल्या तिथे आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करण्याचं प्रमाण तीन वर्षांत १०.२ वरून ५.५ टक्क्यांवर आलं. न विरघळणाऱ्या धाग्याने शिवा आणि ऑपरेशनच्या कागदावर तसं लिहा.

निमाडवाट

त्याच अभ्यासात फटी शिवलेल्या गटात पहिल्या महिन्यातली गंभीर गुंतागुंत वाढली होती, कारण शिवताना खालचा जोड मुरडला जातो. तेही सांगा. आणि ५.५ टक्के म्हणजे अठरा-एकोणीस माणसांत एक. तो एक बऱ्हाणपूरचा असला तर?

जळजळीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं घेतो. ऑपरेशनआधीच्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा, बॅरेटचा बदल (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर पालटणं) किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) दिसला तर स्लीव्ह नको. बाकीच्यांना स्लीव्ह करून पुढे त्रास झालाच तर त्याचा बायपास करता येतो. बायपास उलटा फिरवणं त्याहून कितीतरी अवघड.

वॉर्डसिस्टर

स्लीव्ह असो की बायपास, डिस्चार्जच्या कागदावर एक आकडा मोठ्या अक्षरात हवा. स्वस्थ पडून असताना नाडी मिनिटाला १२० च्या वर गेली की ताप नसला, पोट मऊ लागलं तरी गळती समजून धावायचं. जाड माणसाचं पोट कडक लागत नाही, त्यामुळे हात लावून फसगत होते. डावा खांदा दुखणं, धाप, ‘काहीतरी बिघडलंय’ अशी अस्वस्थता ही त्याच्या जोडीची लक्षणं. धाप एकटीच असेल तर फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळीही असू शकते. म्हणून चालवणं पहिल्याच संध्याकाळी सुरू झालं पाहिजे, आणि धोका जास्त असेल तर गुठळी रोखणारी हेपरिनची इंजेक्शनं घरी गेल्यावरही काही आठवडे.

वाटीमाप

दोघेही टाक्यांवर भांडताय, ताटाकडे कोणी बघत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि सुरुवातीच्या महिन्यांत एका वेळी अर्धी वाटीच पोटात जाते. आपल्याकडची बरीच घरं शाकाहारी. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच्या वर काही नाही. पोह्यांत प्रथिनं नावापुरती आणि वर शेव. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पनीर, सोयाबीन, घट्ट दही, चालत असेल तर अंडं, आणि पावडर हे ताटात आधी. पोळी-भात जागा उरली तर. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने.

बायपासवाल्याने पोह्यांबरोबर जलेबी खाल्ली तर पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, जुलाब. ती ओसरल्यावर एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आला, म्हणून पुन्हा गोडच देतात. हे चक्र तोडायला आधी समजावून सांगावं लागतं.

गोळ्यांचंही तसंच. आम्ल कमी झालेलं असतं, म्हणून कॅल्शियम कार्बोनेटऐवजी सायट्रेट, दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, तेही एकदम नाही, ५००-५०० करून. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर चहा घेतला तर गोळी वाया. बी-१२ शाकाहाऱ्यांत आधीच कमी असतं. जठराचा भाग गेला की ते शोषून घ्यायला लागणारा घटकही घटतो. रोज गोळी होत नसेल तर महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन घ्यावं. ते गावातही मिळतं.

सगळ्यांत जास्त काळजी मला उलट्यांची वाटते. दोन-तीन आठवडे उलट्या चालल्या की थायमिनचा (बी-१ जीवनसत्त्वाचा) साठा संपतो. मग गावात ग्लुकोजचं सलाईन लावतात आणि तेच घातक ठरतं, कारण ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिनही जळतं. दुहेरी दिसणं, चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, आणि उशीर झाला तर कायमचं विस्मरण. आधी शिरेतून थायमिन, नंतर ग्लुकोज. हा क्रम कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहून द्या. निमाडवाट, हे स्लीव्हमध्येही होतं बरं का.

निमाडवाट

हो, ताई, होतं. ते मी मांडायला हवं होतं.

इन्सुलिनवही

मुळात कापायचंच कशाला? वजन उतरवणारी इंजेक्शनं आहेत. टिर्झेपटाइडच्या १५ मिलिग्रॅमच्या डोसवर ७२ आठवड्यांत एकूण वजनाच्या सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं, सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत १४.९. गळती नाही, पीळ नाही, भेरूघाट नाही.

जठरबंध

औषध थांबवल्यावर? सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. ज्याच्याच्याने रक्ततपासणीला येणं होत नाही तो दर आठवड्याचं महागडं इंजेक्शन वर्षानुवर्षं घेईल, हे कशावरून? शिवाय वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे तिथेही होतात. ऑपरेशननंतर त्यासाठी अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने देता येतं.

इन्सुलिनवही

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० ते ३५ च्या माणसाला तरी आधी औषधच द्या, एवढं मी धरून राहीन. बीएमआय पन्नासच्या पुढे असेल तर ऑपरेशनला माझा विरोध नाही.

जठरबंध

निमाडवाट, तुमच्या बाजूचा एक मुद्दा तुम्हीच सोडलात, मी देतो. बिडी-तंबाखू न सोडणारा किंवा गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक घेणारा माणूस असेल तर बायपास नको. थैली आणि आतड्याच्या जोडावर व्रण पडतो, तो रक्त सांडतो किंवा फुटतो. गावच्या मेडिकलवर वेदनाशामक न विचारता मिळतं, त्यामुळे हा धोका खरा आहे. पण माझा आग्रह तोच: निवड एंडोस्कोपी, तंबाखू आणि औषधांची यादी बघून करा, मैलाचे दगड मोजून नको. आणि मिनी-बायपास (एकाच जोडाचा बायपास) करणाऱ्यांनी २०० सेंटिमीटर आतडं वगळू नये. तेवढी लांबी ठेवलेल्या फ्रेंच अभ्यासात जुलाब आणि कुपोषण जास्त दिसलं. शाकाहारी माणसाला तर १५० च्या पुढे जाऊच नये.

निमाडवाट

मैलाचे दगडही यादीतच धरा. कॉन्ट्रास्ट (रंगद्रव्य) देऊन काढलेला सीटी स्कॅन आणि तो वाचून ‘आतडं पिळलंय’ असं रात्री दोनला सांगणारा माणूस किती लांब आहे, हीसुद्धा रुग्णाचीच माहिती आहे. आणि स्कॅन साधा आला तरी कळा थांबत नसतील तर दुर्बिणीने आत बघणारा सर्जन हवा. तो तालुक्याला नसतो.

वॉर्डसिस्टर

मग डिस्चार्ज तिसऱ्या दिवशी द्या, पण मुक्काम सातव्या दिवसापर्यंत इंदुरातच. नातेवाईक, धर्मशाळा, काहीही. रोज नाडी मोजून फोनवर सांगायची.

जठरबंध

सात नको, दहा. स्लीव्हच्या बऱ्याच गळत्या पाचव्या ते दहाव्या दिवसात कळतात.

वाटीमाप

दहा दिवस म्हणजे पातळ आहाराचाच काळ. धर्मशाळेत ताक आणि गाळलेलं वरण कोण करून देणार, हे ऑपरेशनची तारीख देण्याआधी विचारून घ्या.