विषय देऊन घेतलेल्या कथास्पर्धा फसतात कुठे?

अर्धविराम

आमच्या ऑनलाइन लेखनगटात दर महिन्याला एक विषय देऊन कथास्पर्धा होते. संयोजन यंदा माझ्या गळ्यात पडलंय (नको नको म्हणत होते, कुणी ऐकलं नाही).

पहिली अडचण विषयाची. 'पाऊस' दिला की सगळ्यांचे नायक-नायिका भिजतात. 'आई' दिला की शेवटी ती जाते. 'प्रवास' दिला की शेवटच्या परिच्छेदात कळतं, निवेदक केव्हाच मेलेला आहे! लेखक निरनिराळे, गोष्ट एकच.

दुसरी अडचण निकालाची. वाचकांची मतं घेतली की ज्याचा गोतावळा मोठा तो जिंकतो. परीक्षक नेमले की "यांची आवडनिवड ठाऊक आहे आम्हाला" अशी कुजबुज. बक्षीस म्हणाल तर विजेत्याचं नाव महिनाभर वर झळकतं, एवढंच. तरी रुसवेफुगवे आहेतच. चांगलं लिहिणारे दोघं "पुढच्या वेळी आम्हाला धरू नका" म्हणून मोकळे झाले. स्पर्धा बंदच करा, असं एका जुन्या सदस्याचं मत पडलं.

विषय कसा काढता आणि निकाल कसा लावता? अनुभवी मंडळींनी सांगावं.

रातकिडा

बंद करू नका हो. मुदत असली तरच लिहिणारी माझ्यासारखी माणसं आहेत जगात.

शब्दमर्यादा खाली आणून पाहा. शतशब्दकथा ठेवली तर सगळ्या प्रवेशिका एका बैठकीत वाचून होतात. मोठ्या कथांच्या स्पर्धेत लोक ओळखीच्या चार जणांचं वाचतात आणि मत देऊन मोकळे होतात. त्यात लबाडी कमी, कंटाळा जास्त.

जुनी वही

अर्धविराम, बरीच वर्षं अशा स्पर्धांच्या परीक्षणाला बसते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'पाऊस' म्हटल्यावर लेखकाच्या डोक्यात जी गोष्ट आधीपासून पडून आहे तीच तो काढून देणार. सगळ्यांकडे पडून असलेल्या गोष्टी सारख्याच असतात. विषयाने लेखकाची थोडी अडवणूक करायला हवी.

आपल्याकडे समस्यापूर्ती होतीच की. कवीला श्लोकाचा एक चरण द्यायचा, उरलेले तीन त्याने रचायचे. भोजाच्या दरबारात कालिदासाला 'ठठं ठठं' अशा निव्वळ आवाजाचा चरण दिल्याची दंतकथा बहुतेकांनी ऐकली असेल. (कालिदास भोजाच्या कित्येक शतकं आधीचा, तेव्हा हे घडलेलं नाही. पण रचणाऱ्याला स्पर्धा कळत होती.) आता 'ठठं ठठं'वर कुणाकडे तयार गोष्ट असणार? हा आवाज कशाचा, इथूनच सुरुवात करावी लागते. उत्तर काय, तर तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला. बाई, घडा, जिना, सगळं त्या अटीतून आलं. उर्दूतल्या तरही मुशायऱ्यात दिलेल्या मिसऱ्याच्या (ओळीच्या) वृत्तात आणि काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागे येणारे तेच ते शब्द) सांभाळून गझल लिहायची असते, तिथेही हेच.

तेव्हा नाम देऊ नका, पेच द्या. 'परत करायला आणलेली वस्तू' द्या. 'निवेदक खोटं बोलतोय. वाचकाला कळतं, समोरच्या पात्राला कळत नाही' द्या. 'पाऊस'च द्यायची हौस असेल तर अट घाला, कथेत पाऊस पडता कामा नये. बघा मग लोक काय काय शोधून काढतात: दुष्काळ, खोटा अंदाज, वर्षभर कपाटात पडलेला रेनकोट.

जाहीर करण्याआधी एक चाचणी घ्या. संयोजकांपैकी तिघांनी एकमेकांना न विचारता, सुचलेली पहिली गोष्ट एका ओळीत लिहायची. दोघांची सारखी निघाली तर विषय बाद.

निकालाचं म्हणाल तर दहापैकी गुण ही पद्धत सोडा. परीक्षक तीन आहेत असं धरा. दोघं हात राखून गुण देणारे; ते पहिल्या कथेला ८ आणि दुसरीला ७ देतात. तिसरा सढळ आणि तिरसटही. तो पहिलीला ३ देतो, दुसरीला ९. बेरीज केली की पहिली १९, दुसरी २३. म्हणजे दोघांना जी जास्त आवडली ती हरली, कारण तिसऱ्याचा हात मोठा. त्यापेक्षा प्रत्येकाने फक्त क्रम लावावा आणि क्रमांकांची बेरीज करावी. सर्वांत कमी बेरीज तो विजेता. इथे पहिलीचे १, १, २ म्हणजे ४ आणि दुसरीचे ५.

आणि 'विषयाला न्याय' असा वेगळा गुणांचा रकाना ठेवू नका. कथा विषयात बसते की नाही हे आधीच ठरवा. बसत नसेल तर बाहेर, बसत असेल तर पुढे फक्त कथा म्हणून वाचा. त्या रकान्यापायी सुमार पण आज्ञाधारक कथा वर आलेल्या मी पाहिल्या आहेत.

टाकबोरू

क्रमाच्या पद्धतीला +१.

मतदानच ठेवायचं असेल तर आमच्याकडे चाललेले नियम: कथा निनावी लावायच्या. मत फक्त भाग घेणाऱ्यांनी द्यायचं, स्वतःच्या कथेला नाही, आणि प्रत्येक कथेवर निदान दोन ओळी लिहिल्याशिवाय मत धरायचं नाही. कथांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल असं करा. वरच्या वाचल्या जातात, खालच्यांपर्यंत पोचेतो डोळे मिटायला लागतात. शैलीवरून लेखक ओळखू येतो म्हणाल, तर येतो कधी कधी. पण खात्री नसली की माणूस जरा प्रामाणिक वागतो.

अजून दोन गोष्टी. कथा सर्वांसाठी खुल्या ठेवू नका, सदस्यांपुरत्या ठेवा. जाहीर लावलेली कथा बरीच नियतकालिकं 'पूर्वप्रकाशित' धरतात आणि घेत नाहीत. हक्क लेखकाकडेच राहतील हेही नियमांत लिहा.

मुदत रात्री १२ म्हणजे कुणाचे १२? सदस्य परदेशांतही असतील तर युटीसी-१२ (जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागची) वेळ घ्या. पृथ्वीवर तारीख सर्वांत शेवटी तिथे बदलते, त्यामुळे "आमच्याकडे अजून आजच आहे" म्हणायला कुणाला जागा उरत नाही.

भाबडा वाचक

जुनी वही यांच्याशी अर्धाच सहमत. अटींवर अटी चढवल्या की कथेचं कोडं होतं आणि मग हुशार लोक जिंकतात, लेखक राहतात बाजूला. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठच्या घरात इंग्रज कवी बायरन जमलेल्या लेखक मित्रांना काय म्हणाला? प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहा. झाला विषय. मुदत नाही, परीक्षक नाही. अठरा वर्षांच्या मेरीला (पुढची मेरी शेली) आधी सुचेचना, आणि मग त्यातून १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आली. बायरनने स्वतःची गोष्ट अर्धवट सोडली. तिच्याच धाग्यावरून त्याच्या डॉक्टरची, पोलिडोरीची, रक्तपिपासूची कथा आली, तीही पुढे गाजली. सैल विषयाने काय बिघडलं?

जुनी वही

काही नाही बिघडलं. पण त्या घरात कोण कोण बसलं होतं ते पाहा. अर्धविराम यांच्या गटात असे चौघं असतील तर त्यांनी खुशाल 'पाऊस' द्यावा!

कोड्याचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणून अट एकच. दोन झाल्या की लोक कथा सोडून अटी पाळत बसतात.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: विषय 'परत करायला आणलेली वस्तू', ५०० ते ८०० शब्द, नावं गुप्त, तीन परीक्षक, नुसता क्रम. रातकिडा, शतशब्दकथा एक महिना आड घेऊन बघते. रुसलेल्या दोघांना काल विषय कळवला, त्यातल्या एकीचं "मुदत कधी?" असं उत्तर आलंय.

जुनी वही ताई, तिसऱ्या परीक्षक म्हणून तुमचं नाव टाकू का?

जुनी वही

नको. विषय वाचून मलाच लिहावंसं वाटायला लागलंय, परीक्षक दुसरं कुणी बघा. आणि शब्दमर्यादेत शीर्षक धरायचं की नाही ते आत्ताच नियमांत घाला. भांडण हमखास त्यावरूनच होतं.