जुनी गाडी चालवत राहायची की नवी घ्यायची? आपापला हिशेब सांगा

आमची छोटी पेट्रोल गाडी 2011 ची, 1 लाख 12 हजार किमी झालेत. परवा मेकॅनिकने क्लचप्लेट, सस्पेन्शन आणि चार टायर मिळून 48 हजार सांगितले, एक्सचेंजला 90 हजार मिळतायत. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे घरात सगळ्यांचा कल नवीनकडे. मी हिशेब केला, 7 लाख लोन 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेचौदा हजार आणि नुसतं व्याज 1 लाख 72 हजार. आमचं रनिंग महिन्याला जेमतेम 500 किमी. ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी कृपया आकड्यांसकट लिहा, खूप मदत होईल.

कोल्हापूरहून –
ठेवा. माझी 2008 ची आहे आणि मी गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवतो, ऑइलच्या बोटांचे डाग पडलेत तिच्यावर, पण एअर फिल्टरपासून बॅटरीपर्यंत प्रत्येक खर्च तारीख आणि किमीसकट मिस्त्रीकडूनच लिहून घेतो. गेल्या 5 वर्षांची बेरीज 1 लाख 31 हजार, म्हणजे वर्षाला 26 हजार, तुमचे दोन हप्ते पण होत नाहीत. 2023 ला 15 वर्षं झाली तेव्हा पासिंगला, म्हणजे आरटीओत नोंदणी परत करून घ्यायला, 5 हजार फी, वर पर्यावरण कर, शिवाय पासिंगच्या आधी डेंटिंग-पेंटिंगला 14 हजार गेले ते धरूनच हा आकडा आहे. आता पुढचं पासिंग 2028 ला, आणि 20 वर्षं उलटली की फी 10 हजार झालीय, तेव्हा परत वही उघडून बसणार.

नाशिकहून –
वहीचं पटतं, पण वहीत एक गोष्ट येत नाही. दोन वर्षांपूर्वी वडिलांना मुंबईहून तपासून आणत होतो, रात्री साडेदहाला कसारा घाटात टेम्परेचरचा काटा वर जायला लागला, एसी बंद केला, काचा खाली केल्या, तरी दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेलं होतं. वडील ऐंशीचे, मागच्या सीटवर शाल गुंडाळून पावणेतीन तास बसून होते आणि शेजारून कंटेनर जात होते. दुरुस्ती 38 हजारांत झाली, गाडी नंतर चांगली चालली सुद्धा, पण त्यांना घेऊन घाट उतरायची हिंमत मला परत झाली नाही. नवीन घेतली, सहा एअरबॅगवाली, हप्ता जड जातो आणि तरी मला तो योग्य वाटतो. एक सांगतो, जुन्या गाडीचा 50 टक्के नो क्लेम बोनस (इन्शुरन्सचा क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) नवीन गाडीला लागू करून घ्या, शोरूममध्ये आपणहून कोणी सांगत नाही.

मालवणहून –
इंजिन सोडा, आधी पत्रा बघा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने गाडी खालून संपते. माझ्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं आणि ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट उचलली तर रस्ता दिसत होता. चेसिसला गंज धरला असेल तर 48 काय 10 हजार पण घालू नका.

जुन्नरहून –
घरच्या गाडीचा आणि धंद्याच्या गाडीचा हिशेब एक नाही भाऊ. माझी पिकअप ऐन टोमॅटोच्या तोडणीत नारायणगावला जाताना बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत बाजार उरकला, दुसऱ्या दिवशी क्रेटमागे 120 रुपये कमी मिळाले आणि माल होता 140 क्रेट. दुरुस्ती फक्त 6 हजार! तोटा तिच्या जवळपास तिप्पट. त्या हंगामानंतर नवीन काढली. गाडी उभी राहिली तर तुमचं दिवसाला किती जातं ते आधी धरा.

पुण्याहून –
तिसरा रस्ता पण आहे, मी तोच धरला. इन्शुरन्सवाले तीन वर्षं उलटलेल्या गाडीच्या किमतीतून 40 टक्के घसारा धरतात, ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. मी साडेतीन वर्षांची, एकहाती वापरलेली घेतली, ओळखीच्या मेकॅनिकला 1,500 देऊन सोबत नेलं, त्याने सीटबेल्ट पूर्ण खेचून बाहेर काढला, टोकाला चिखलाची रेघ आहे का बघायला, म्हणजे पुरात बुडालेली असेल तर कळतं. पहिली गाडी त्याच रेघेमुळे नाकारली. फक्त आरसी नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

धागा काढणारी –
सगळ्यांचे खूप आभार. आमची गाडी गावातच फिरते, वर्षातून दोनदा पंढरपूर, ते पण दिवसा. कोल्हापूरकरांसारखी बेरीज काढली तर आमचं वर्षाला 22 हजार येतंय. 2026 चं पासिंग तोंडावर आहे म्हणून 48 हजार घालायच्या आधी उद्या गाडी लिफ्टवर चढवून खालून पत्रा बघायला सांगितलाय, मी स्वतः टॉर्च घेऊन जाणार आहे. काय निघालं ते इथे लिहिते.