पापणीवरचा पिवळा चट्टा बघा
'रुंद जबडा, तुकतुकीत चेहरा म्हणजे गडी ठणठणीत' असं चेहऱ्यावरून तब्येत ठरवणारे म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या बेळगावात तालमीतल्या पोरांकडं बघून सगळे असंच बोलतात. पण जबडा, दाढी हे बरंचसं आनुवंशिक आणि वयात येतानाच्या टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं काम. त्यावरून आजची शुगर काय कळणार? बीपी तर चेहऱ्यावर दिसतच नाही.

बघायचंच तर बारीक जागा बघा. पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळसर, किंचित उंच चट्टा असेल तर ते त्वचेत साठलेलं कोलेस्टेरॉल. कोपनहेगनच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे चट्टे असणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका जास्त आढळला, रक्तातलं कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही! म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तरी गाफील राहू नये.

चेहरा नव्हे, पण मानेमागची काळी, मखमली जाड कातडीही तशीच. उसाच्या फडात रापली म्हणून आमच्याकडं ती साबणानं घासत बसतात. बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. खालची पापणी ओढून आत पांढुरकं दिसलं तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. गोरेपणाचा इथं काडीचा संबंध नाही, सोयरीक बघायला आलेली मंडळी काहीही म्हणोत.