अनुभव धागा: बर्नी सँडर्स यांच्या प्रचारात तुम्ही काय काम केलंत?

स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारे अमेरिकन सिनेटर बर्नी सँडर्स २०१६ आणि २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढले आणि दोन्ही वेळा मागे पडले. त्यांच्या धोरणांवर पुष्कळ लिहून झालंय. मला ऐकायचंय ते कामाबद्दल. दारं कुणी वाजवली, फोन कुणी लावले, परगावच्या कार्यकर्त्यांना घरात झोपायला जागा कुणी दिली? बड्या धनिकांच्या पैशावर अवलंबून न राहता सरासरी २७ डॉलरच्या वर्गणीवर २०१६ ची मोहीम चालली, आणि ती रस्त्यावर नेली फुकट राबणाऱ्या माणसांनी. त्यांत आपले मराठी लोकही होते. नाव नको, गाव आणि वर्ष लिहा. सुरुवात मीच करते.

नॅशुआ, न्यू हॅम्पशर, २०१६

मी तेव्हा बॉस्टनजवळ राहायचे. न्यू हॅम्पशरची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्यातलं मतदान, ९ फेब्रुवारीला होती, म्हणून शनिवार-रविवारी आम्ही गाड्या भरून तिकडे जायचो. एका निवृत्त शिक्षिकेचं घर हा आमचा अड्डा. बाहेर बर्फ, आत दाराशी ओल्या बुटांचा ढीग, टेबलावर सूपचं भलंमोठं पातेलं आणि शेजारी मतदारांच्या याद्या. प्रत्येक नावापुढे एक ते पाच यांपैकी आकडा मांडायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधी. शिकवणी दहा मिनिटांची: वाद घालू नका, आधी समोरच्याला काय सतावतंय ते विचारा.

एका बाईंनी दार उघडलं ते अर्धवटच. कॉलेजच्या फीबद्दल बोलले तेव्हा पूर्ण उघडलं. त्यांचं स्वतःचं शिक्षणाचं कर्ज फिटायचं होतं आणि मुलीचं नुकतंच सुरू झालं होतं. एका घरात दोन पिढ्यांचे हप्ते. त्या कुठल्याच पक्षात नोंदलेल्या नव्हत्या, आणि तिथे असा मतदार कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. त्यांचं मन सँडर्स आणि ट्रम्प यांच्यात अडकलं होतं. वर्तमानपत्रं वाचून मला हे कधी कळलं नसतं. मी तीनचा आकडा लिहिला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच दारात गेले. सँडर्सनी ते राज्य हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध ६० विरुद्ध ३८ टक्क्यांनी जिंकलं.

न्यूयॉर्क, २०१६

१३ एप्रिलला वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये सभा होती. आजूबाजूच्या गल्ल्यांपर्यंत माणसं. मी कडेला क्लिपबोर्ड घेऊन उभा होतो, मतदानाच्या दिवसासाठी कार्यकर्ते गोळा करत. पोरं हौसेनं नाव द्यायची. मग मी विचारायचो, "नोंदणी कुठल्या पक्षात आहे?"

"कुठल्याच नाही."

न्यूयॉर्कची प्रायमरी फक्त पक्षात नोंदलेल्या मतदारांसाठी असते, आणि आधीच नोंदणी असलेल्याला पक्ष लावून घ्यायची मुदत संपली होती ९ ऑक्टोबर २०१५ ला. मतदान १९ एप्रिल २०१६ ला. सहा महिने आधी, जेव्हा यातल्या कित्येकांनी सँडर्सचं भाषणही ऐकलं नव्हतं! एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला मत देता येणार नव्हतं, तरी १९ तारखेला ती ब्रुकलिनमध्ये दिवसभर म्हाताऱ्या मतदारांच्या घरी जाऊन आठवण करून देत होती. न्यूयॉर्क आपण हरलो, चांगलेच हरलो. पण त्या नियमाविरुद्ध ओरड थांबली नाही आणि २०१९ मध्ये कायदा बदलून ती मुदत बरीच पुढे आणली गेली. मला ते आमच्याच कामाचं फळ वाटतं.

एडिसन, न्यू जर्सी, २०२०

मी सिंधुदुर्गातली. नाथ पै आणि नंतर मधू दंडवते यांच्यासाठी माझे वडील राजापूर मतदारसंघात पायी फिरले. भाकरी बांधून निघायचे, रात्री ज्याच्या पडवीत जागा मिळेल तिथे पाठ टेकायची. त्यामुळे वर्गणी आणि दारोदार फिरणं मला नवीन नव्हतं. कठीण गेलं ते आपल्याच लोकांशी बोलणं. अनोळखी अमेरिकन माणूस निदान ऐकून घ्यायचा.

हळदीकुंकवाला आलेल्या एका काकू म्हणाल्या, "अगं, रांगा लावून रॉकेल आणलंय आम्ही. तो समाजवाद परत कशाला?" मी वाद घातला नाही. विचारलं, "काकू, तुमच्या मुलाची नोकरी उद्या गेली तर इन्शुरन्सचं काय?" त्या गप्प झाल्या. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, सून गरोदर. नोकरी गेली की नवीन मालक शोधायला जेमतेम साठ दिवस, आणि आरोग्य विमाही त्या नोकरीलाच बांधलेला. 'मेडिकेअर फॉर ऑल' ही सँडर्सची सर्वांसाठी सरकारी विम्याची योजना म्हणजे विमा नोकरीपासून सुटा करणं, एवढंच मी सांगितलं. काकूंनी ते काकांना सांगितलं, काकांनी सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांना. त्यातले दोघे पुढे माझ्याबरोबर फोन करायला बसले, हेडफोन लावून, चहाचे कप समोर ठेवून. आमची प्रायमरी यायच्या आतच मोहीम थांबली, पण आमचे फोन दुसऱ्या राज्यांत जात होते ना.

एम्स, आयोवा, २०२०

आयोवात तेव्हा प्रायमरीऐवजी कॉकस असायची, म्हणजे पक्षाच्या मतदारांची सभा; ते गुप्त मतदान नव्हे. ३ फेब्रुवारीला संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर उभं राहायचं. ज्याच्या गटात साधारण १५ टक्के माणसं नाहीत तो बाद, आणि त्याच्या लोकांनी दुसरीकडे जायचं किंवा आणखी माणसं ओढून गट पुरा करायचा. खरं काम त्या मधल्या वेळात. आमच्याकडची एक मुलगी, कॉलेजात पहिल्या वर्षाला, दुसरे एक उमेदवार अँड्र्यू यांग यांच्या गटाकडे गेली आणि खाली जमिनीवर बसून त्यांच्याशी बोलली. उभं राहून बोललं की भाषण होतं, हे तिचं तिलाच सुचलेलं. तिघं तिच्यामागून आले.

त्या वर्षी पाळीच्या कामगारांसाठी वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी कॉकस घ्यायची सोय मोठ्या प्रमाणावर झाली. ऑटमवा इथे डुकराचं मांस कापणाऱ्या कारखान्यातले कामगार, त्यांत इथिओपियाहून आलेले काही जण, दुपारीच जमले आणि सँडर्स यांच्या बाजूने उभे राहिले. रात्रपाळीच्या माणसाला राजकारणात कोण विचारतं? आमच्या लोकांनी विचारलं.

त्या रात्री निकाल पाठवायचं अ‍ॅप कोलमडलं आणि आकडेच येईनात. मतं सँडर्सना सर्वात जास्त होती, पण उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींच्या हिशेबात दुसरे उमेदवार पीट बुटिजेज काठावर पुढे. महिनोन्‌महिने राबलेल्या माणसांना जिंकल्याचा जल्लोष करायला एक रात्रही मिळाली नाही. मला त्याचा आजही राग येतो.

लास व्हेगास, नेवाडा, २०२०

आम्ही कॅलिफोर्नियातल्या सनीवेलहून गेलो होतो. तिथल्या हॉटेल कामगारांची युनियन जबरदस्त, त्यांनी लढून मिळवलेला आरोग्य विमा उत्तम. सँडर्सची योजना तो विमा काढून घेईल असं युनियनच्या नेतृत्वाचं म्हणणं होतं. आम्हाला भीती होती की कामगार दारातूनच परत पाठवतील.

एका हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईंशी बोललो. ड्युटीवरून नुकत्याच आल्या होत्या, पायात अजून ते जाड तळव्याचे बूट. म्हणाल्या, "माझा विमा चांगला आहे. माझ्या बहिणीकडे नाही, ती रेस्टॉरंटात भांडी घासते. मला फक्त माझ्यापुरतं मत द्यायचं नाही." ऑक्टोबर २०१९ मध्ये, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सभेत सँडर्सनी लोकांना विचारलं होतं की तुम्ही ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी स्वतःसाठी लढावं तसं लढाल का. त्या बाईंनी ती सभा पाहिली असेल असं वाटत नाही. २२ फेब्रुवारीला 'स्ट्रिप' या रस्त्यावरच्या बड्या हॉटेलांत झालेल्या कॉकसमध्येही सँडर्स पुढे होते आणि राज्य तर मोठ्या फरकाने जिंकलं. तिओ बर्नी, म्हणजे बर्नीकाका, अशी हाक तिथल्या स्पॅनिशभाषक घरांतून आम्ही सारखी ऐकायचो.

डॅलस, टेक्सस, २०२०

मी एच-१बीवर. थोडक्यात लिहितो, कारण बरेच जण विचारतात. व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या निवडणुकीत एक डॉलरसुद्धा देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर देता येतो. पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला व्हिसावरच्या माणसालाही मुभा आहे, फक्त पैसा कुठे खर्चायचा या निर्णयात भाग घ्यायचा नाही. मी रोज ऑफिस सुटल्यावर मतदारांना मेसेज पाठवायचो. मतदान केंद्र कुठे, ओळखपत्र कुठलं लागतं, अशाच प्रश्नांची उत्तरं जास्त. टेक्सस गेलं, पण त्याच ३ मार्चला कॅलिफोर्निया आलं. ८ एप्रिलला सँडर्सनी माघार घेतली. त्याआधीच, कोरोना सुरू झाल्यावर, वर्गणी मागायची तीच यादी वापरून मोहिमेने धर्मादाय संस्थांसाठी दोन दिवसांत वीस लाख डॉलरहून अधिक जमवले. त्यातही मला एक पैसा टाकता येतो का, हे मी आधी विचारून घेतलं. ती संस्थांना द्यायची मदत होती, तेव्हा टाकले.

धागा सुरू करणारीकडून

सगळे अनुभव मी रात्री एका बैठकीत वाचले. मिशिगनचं कुणीच लिहिलेलं नाही. ८ मार्च २०१६ च्या आधीच्या बहुतेक चाचण्या क्लिंटन यांना दोन आकडी आघाडी देत होत्या आणि सँडर्स दोन टक्क्यांच्या आतल्या फरकाने जिंकले. डिअरबॉर्न, ॲन आर्बर, ग्रँड रॅपिड्स, यांपैकी कुठे तुम्ही त्या आठवड्यात दारोदार फिरत होता का? चाचण्यांना दिसलं नाही ते तुम्हाला दारात दिसत होतं का? आणि जुलै २०१६ मध्ये पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसलेलं आपल्यापैकी कुणी असेल, तर त्यांनीही लिहावं.