वणवा, राब, जाळरेषा: तुमच्याकडे काय चालतं?

सडेकर
काल घाट उतरताना डोंगरावर आगीची माळ दिसली. लहानपणी आम्ही तिला डोंगराची दिवाळी म्हणायचो. आपल्याकडे वणवा आपोआप लागतच नाही म्हटलं तरी चालेल, काडी माणसाचीच. गुराखी म्हणे, 'जाळलं की चारा फुटतो'. फुटतं ते कुसळी गवत! ओल लागली की तिचं कुसळ पीळ घेत बी मातीत रोवतं, म्हणून ती आगीतून वाचते. मारवेल, शेडा ही चाऱ्याची गवतं मागे पडतात. लिहा आपापल्या भागातलं.

भातखाचर
एकट्या गुराख्यांना कशाला धरता? राब बघा, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजणं. शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, वर मातीचा थर. पेटवायचा सकाळी, वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या उलट बाजूने. म्हणजे सावकाश जळतो. लोक भर दुपारी उरकतात आणि ठिणगी बांध ओलांडते. शिवाय कवळासाठी ऐनाचं झाड दरवर्षी बोडकं. त्यापेक्षा चारसूत्री भातलागवडीत रोपांच्या वाफ्याला चौरस मीटरमागे अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख घालतात. तूस गिरणीवर मिळतं.

मोहटोळ
आमच्याकडे मोह. फूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात नि घरी जातात. जुन्या साड्या जोडून चार खुंट्यांना बांधा. फूल पहाटे गळतं, माती लागत नाही. जाळायचंच असेल तर आधी भोवती दोन मीटर झाडून घ्या, शेवटी राखेवर पाणी.

सुगरण_नाशिक
मोहाच्या भाकरीची पाकृ द्या ना कुणी!

मोहटोळ
ताई, धागा वणव्याचा आहे :) वाळलेली फुलं धुऊन उकडा, वाटून पिठात मळा. गूळ नको.

रानवाट
जाळरेषेचं, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याचं, कुणीच लिहिलं नाही? गवत अर्धवट वाळलं की पट्टा कापायचा, कापलेलं दव असताना जाळायचं. उशीर झाला तर जाळरेषेचाच वणवा होतो, हे दरवर्षीचं. पट्ट्यावर नंतर पडलेला पाला झाडला नाही तर तीच वात.
विझवताना आगीच्या वरच्या अंगाला उभं राहू नका, चढावर ती पळते. ओल्या डहाळीने झोडपलं तर ठिणग्या उडतात. दाबायचं आणि जळलेल्या बाजूला ओढायचं. वाळकी खोडं आत धुमसत राहतात, दुपारी वारा सुटला की पुन्हा पेट. हात पालथा करून जवळ न्या, ऊब कळते.

भातखाचर
+१. खोडाचं शंभर टक्के.

टिपूर
भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवलं की आगीचा एसेमेस येतो, फुकट. पण उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, बांधावरची आग त्यात सुटू शकते.

सुगरण_नाशिक
आणि डोंगरात रेंज?

टिपूर
तेही खरंच.

सडेकर
रानमोडी हे तण राहिलंच. जळक्या जागी आधी तीच शिरते, उन्हाळ्यात वाळून पुढच्या वणव्याचं सरपण होते. फुलायच्या आधी, पाऊस असतानाच उपटा, मुळासकट. नुसती कापली तर बुडातून चार फुटतात.

सुगरण_नाशिक
दूध उतू गेलं या धाग्यापायी. येते.