मदत हवी आहे: चिऱ्यांच्या गडग्यावरचं मॉस नेमकं कुठलं?

फोंड्यात घरामागे जांभ्या चिऱ्यांचा जुना गडगा आहे. उत्तरेकडे तोंड, दुपारनंतर फणसाची सावली. त्यावर दोन प्रकारचं मॉस आहे. पायवाटेवरचा काळा बुळबुळीत थर यात धरू नका, त्याला पानंच नाहीत, ते शैवाल.

पहिलं चिऱ्यांवर, जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंच, गर्द हिरव्या गाद्यांसारखं. सुकलं की पानांच्या कडा आत वळून नळी होते आणि सगळं तपकिरी, मेल्यासारखं दिसतं. पाणी फवारलं की बघता बघता पानं चांदणीसारखी उघडतात. फार देखणं दिसतं ते! हे हायोफिला इन्व्हॉल्युटा असावं. दुसरं सांध्यांतल्या मातीत: पानं दोनच रांगांत, पिसासारखी चपटी, बुडाशी खिशासारखी घडी. म्हणजे फिसिडेन्स नक्की, जात कळत नाही.

दहापट भिंगाने पाहून झालंय, सूक्ष्मदर्शक नाही. दोन्हींवर बोंडं (बीजाणूंच्या कुप्या) अजून आलेली नाहीत. नखाएवढे नमुने कागदी पाकिटात सुकवून ठेवलेत (प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते).

दिवाळीआधी गडग्याचे सांधे सिमेंटने भरायचे आहेत, ते टळणार नाही. ब्लीचिंग पावडर आणि तारेचा ब्रश मात्र लावू देणार नाही.

पहिलं हायोफिला की तसंच दिसणारं बार्बुला मॉस, हे भिंगाने ठरवायला पानाचं टोक पाहू की पानांच्या बगलेतल्या कळ्या (ज्या गळून नवं मॉस उगवतं)? आणि फिसिडेन्स मातीसकट सुट्या चिऱ्यावर न्यायचं तर पाऊस असतानाच न्यावं, की सुकल्यावर?